गवताच्या दिवसांतलं इंजिन

दिवाळी उलटून गेली की पालघरच्या हवेत एक कोरडा, गोडसर वास उतरतो. वाळलेल्या गवताचा. आता तो पूर्वीइतका राहिलेला नाही. कोळगावच्या बाजूला मोठाल्या इमारती झाल्या, बोईसरकडे कारखाने आले, त्यांचे वास वेगळे. तरी परवा सकाळी फिरून येताना गवतानं भरलेला एक टेंपो अगदी शेजारून गेला, आणि घरी येऊन पाहते तर साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली. पायरीवर बसून एकेक उपटत राहिले. कुसळ ही मोठी गमतीची वस्तू आहे. एका बाजूनं बोट फिरवलं तर मऊ लागतं, उलटं फिरवलं की टोचतं. ते पुढे सरकतं, मागे येत नाही.

माझ्या मनात मात्र कुसळं म्हटली की एका जुन्या मोटारीचं बॉनेट उघडतं.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. तारापूरला वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं आणि बोईसरच्या रस्त्यावर कधी न पाहिलेली यंत्रं लॉऱ्यांवर बसून जात होती. साताऱ्याला माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष टायफॉइडनं बुडालं. पुढल्या जूनपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून आईनं मला आक्काकडे पाठवलं. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. पालघर स्टेशनजवळ तिचा दवाखाना होता. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणं तिनं सगळ्यांना बंद करायला लावलं होतं. बायका तिला डॉक्टरबाय म्हणत. ती भराभर चालायची, भराभर जेवायची, आणि कुणी बोलताना अडखळलं तर त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची.

तिची मोटार मात्र तिच्या स्वभावाच्या अगदी उलट होती. केळव्याकडच्या एका बागायतदारानं विकलेली, विलायती बनावटीची, काळी, पाठ वाकलेली. मी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते कुतूहलानं. पुस्तकात पिस्टनची आकृती शंभरदा काढली होती, पण खरा पिस्टन कधी पाहिला नव्हता. बॉनेट उघडून दाखवायला आक्काला वेळ नव्हता. ते काम पास्कलनं केलं.

पास्कल वसईकडचा. बोईसरच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. बांधकामाच्या लॉऱ्या दुरुस्त करून तो अंगापिंडानं आणि आवाजानंही लॉरीसारखाच झाला होता. कोणताही बिघाड ऐकला की क्षणात निदान करायचा, आणि ते चुकलं की तितक्याच खात्रीनं दुसरं करायचा. मला तो फार आवडला.

"चार सिलिंडर, एका रांगेत," तो म्हणाला. "हजार सीसीच्या जरा वर. व्हॉल्व डोक्यावर नाय, बाजूला हायत. म्हणून हिचा हेड म्हंजे नुसता झाकन. काडायला सोपा. बॅटरी सहा व्होल्टची. सकाळी स्टार्टर रडतो, मंग हॅन्डल मारायचा. आंगठा वर ठेवायचा, बोटांच्या बाजूला. नाय तर हॅन्डल उलटा फिरला का आंगठा मोडला समजा."

"आणि पाण्याचा पंप कुठे आहे?" मी विचारलं.

"नाय. पंपच नाय हिला."

"मग पाणी फिरतं कसं?"

"तापला का वर जातं, थंड झाला का खाली येतं. कोन फिरवत नाय, त्याचा तोच फिरतं."

उष्णतेच्या अभिसरणाचा धडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो इथे, स्टेशनजवळच्या गवताच्या वखारीसमोर, एका काळ्या मोटारीच्या पोटात चालू होता. मी पाण्याच्या वरच्या नळीला हात लावला, मग खालच्या. वरची चटका देणारी, खालची कोमट. मला इतका आनंद झाला की पास्कल माझ्याकडे बघतच राहिला.

त्या मोटारीच्या खोडी मी एकेक करून शिकले. काच पुसायचा वायपर, इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालायचा. त्यामुळे चढावर, जिथे जास्त दिसायला हवं तिथेच, तो थांबायचा. मग क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, त्याला एक फेरी मारू द्यायची, पुन्हा पाय दाबायचा. आक्कानं पावसाळे असे काढले होते. दमट हवेत सातपाटीहून निघताना इंजिन खोकायचं, तेव्हा ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पदरानं पुसावं लागे. सातपाटीला आम्ही वरचेवर जायचो. त्या सपाट रस्त्यावर आक्कानं मला मोटार चालवायला शिकवलं. दोन्ही बाजूंना सुकत घातलेले बोंबील, समोरून येणारा खारा वारा, आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या कोळणी. "बाजूला व्हा गो, डॉक्टरबायची भैन येते," असं एकमेकींना सांगत त्या रस्ता मोकळा करायच्या. तिथे ती मोटार कधी तापली नाही.

तापायची ती मनोरच्या रस्त्यावर. दर आठवड्याला आक्का मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावर जायची. तिथे एस.टी. पोचत नव्हती. मध्ये वाघोबाची खिंड लागते. गवताचे दिवस असल्यामुळे त्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग असायची. प्रत्येक गाडी म्हणजे चालता डोंगर, आणि त्यातून उडणारा पिवळा भुगा सगळीकडे. हे गवत स्टेशनजवळच्या वखारीत दाबून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. समोरून येणाऱ्या गाड्यांना वाट देत पहिल्या गिअरमध्ये रांगत चढताना खिंडीच्या मध्यावर आमच्या रेडिएटरमधून वाफ निघायची. आक्का म्हणायची, "म्हातारी आहे, चढ झेपत नाही." आम्ही सावलीत थांबायचो, पाणी घालायचो, पुढे जायचो. मला मात्र ते पटत नव्हतं. गेल्या वर्षी हीच म्हातारी हीच खिंड न तापता चढत होती, असं आक्काच सांगायची. एका वर्षात असं काय झालं?

त्या पाड्यावर चैती भेटली. वारली बाई, माझ्याच वयाची, पहिलटकरीण. दिवस भरत आले होते तरी गवत कापायला जात होती. तिचं पोट तपासताना आक्काचा चेहरा बदलला.

"मूल आडवं आहे. दिवस भरायच्या आत तू पालघरला येऊन राहा."

"मना नाय यायचा," चैती म्हणाली. "गवात कोन कापील?"

"मग मी दर आठवड्याला येते. बाहेरून फिरवून बघते. पण कळा लागल्या तर कुठल्याही सुईणीला हात लावू देऊ नकोस. नवऱ्याला माझ्याकडे पाठव."

चैतीचा नवरा लखमा दाराशी उभा होता. त्यानं मान हलवली. पुढच्या खेपेला आक्कानं मूल फिरवायचा प्रयत्न केला. दोन्ही तळवे पोटावर ठेवून, डोळे मिटून, कणाकणानं. ती घाईची बाई एवढी सावकाश काही करू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मूल थोडं फिरलं, पुन्हा आडवं झालं. "पुढच्या वेळी फिरेल," ती म्हणाली.

पुढची वेळ आली तेव्हा खिंडीत मोटार उकळली. त्या दिवशी उशीर झाला होता. आक्कानं थांबायचं नाकारलं. हातात फडकं घेऊन तिनं रेडिएटरचं झाकण फिरवलं. मी "आक्का, थांब" म्हणेपर्यंत झाकण उडालं आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर, मनगटापासून बोटांपर्यंत, आलं. ती ओरडली नाही. हात लांब धरून रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "गार पाणी. ओतत राहा." बाटलीतलं संपलं तेव्हा एका गाडीवाल्यानं आपला पाण्याचा भोपळा दिला. त्याच गाडीत, गवतावर बसवून, त्यानं आम्हाला पालघरला आणलं. वाटेत आक्का एकच बोलली, "एका हातानं मूल फिरवता येत नाही, कुमुद."

हात पट्टीत गेला. दवाखान्यात ती डाव्या हातानं नाडी बघायची आणि मी औषधं बांधून द्यायची. लखमाला निरोप पाठवला, चैतीला घेऊन ये म्हणून. उत्तर आलं की ती ठीक आहे, एवढं गवत उरकलं की येईल. आक्का रोज विचारायची, "मोटारीचं काय झालं?"

पास्कलनं मोटार ओढून गॅरेजमध्ये नेली होती. मी बोईसरला गेले तेव्हा त्याचं निदान तयार होतं. "हेड गॅसकेट गेली." मी म्हटलं, मला बघायचंय, नुसतं बघायचं नाही, हात लावायचाय. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. हेडचे नट आम्ही दोघांनी मिळून सैल केले. झाकण उचललं आणि चार पिस्टन दिसले. काळ्या खरपुडीनं भरलेले, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखे. बाहेरचे दोन वर होते, आतले दोन खाली. मी हॅन्डल हळूहळू फिरवलं. बाहेरचे दोन बरोबर खाली गेले, आतले दोन बरोबर वर आले.

"ठिणगी कुठल्या क्रमानं पडते?"

"एक, दोन, चार, तीन."

"एक, दोन, तीन, चार का नाही?"

पास्कल म्हणाला, "बनवनाऱ्यानं तसाच ठेवलाय." मला ते पुरलं नाही. एका पालथ्या डब्यावर बसून मी हॅन्डल फिरवत राहिले. एक आणि चार जोडीनं चालतात, दोन आणि तीन जोडीनं. दोन पेटल्यावर लगेच तीन पेटू शकत नाही, कारण दोन खाली गेला की तीनही खालीच असतो. पाळी वर आलेल्या चौथ्याचीच येणार. हे उमगलं तेव्हा मी इतकी खूश झाले की घरी आक्काला चार वाट्या मांडून दाखवलं. ती पट्टीतला हात मांडीवर घेऊन ऐकत होती. "म्हणजे एक-तीन-चार-दोनही चालेल," ती म्हणाली. चालतं. पुष्कळ गाड्यांत तसंच असतं. पण त्या संध्याकाळी आक्कानं ते आपणहून काढलं आणि पट्टी बांधल्यापासून पहिल्यांदा ती जरा सैलावली.

आम्ही खरपुडी खरवडली. व्हॉल्व घासले. बारीक वाळूसारखा लेप लावून, व्हॉल्वला चिकटवलेली काडी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. आधी करकर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो, आणि पुसून बघितलं की कडेला राखाडी रंगाचं न तुटलेलं वर्तुळ दिसतं. मी आठही व्हॉल्वची वर्तुळं जमवली. झाकणाखाली नवी तांब्याची गॅसकेट घातली, नट मधून कडेकडे असे आवळले. इंजिन सुरू झालं ते शिवणयंत्रासारखं. पास्कल छाती पुढे काढून, स्वतः चालवत मला खिंडीत घेऊन गेला.

खिंडीच्या मध्यावर वाफ निघाली.

पास्कलनं बॉनेट उघडून सगळीकडे नजर फिरवली. मग म्हणाला, "टायमिंग." टायमिंग पाहिलं, ठीक होतं. "पंख्याचा पट्टा." तोही घट्ट होता. "आतमधी क्षार जमलाय." रेडिएटर आतून धुतला, पाणी स्वच्छ निघालं. पुन्हा खिंड, पुन्हा वाफ. इकडे आक्काच्या हाताची साल निघत होती आणि तिकडे चैतीचे दिवस संपत होते.

रेडिएटर समोरून लख्ख दिसायचा, कारण पास्कल रोज त्यावर ब्रश मारायचा. कुठे बारीक गळती आहे का ते पाहायला मी आक्काचा हात-आरसा घेऊन गेले होते. दुपारचं ऊन थेट शेडमध्ये येत होतं. पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत आरसा धरला, तर उन्हाचा कवडसा रेडिएटरच्या पाठीवर पडला. सहज म्हणून विचारलं, "पास्कल, समोरून माझा उजेड दिसतो का?"

तो वाकला. "वरच्या कोपऱ्यात दिसतो."

"आणि मध्ये?"

"मधी नाय." डोळा जाळीला लावून तो पुन्हा म्हणाला, "मधी कायच नाय दिसत, बाय."

हवा जायची ती जाळी आतून गच्च भरली होती. गवताच्या गाड्यांमधून रांगताना पंख्यानं आत ओढलेली कुसळं. आत गेलेली बाहेर येत नव्हती आणि समोरून ब्रश मारला की आणखी आत जात होती. सातपाटीच्या सपाट रस्त्यावर समोरच्या वाऱ्यानं भागून जायचं. खिंडीत, पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाला श्वासच मिळत नव्हता. आणि गेल्या वर्षी का चढत होती? घरी जाऊन आक्काला विचारलं. ती आठवून म्हणाली, "गेल्या वर्षी गवताच्या दिवसांत मी रुग्णांमुळे पहाटेच निघायचे. रस्त्यावर गाड्याच नसायच्या."

रेडिएटर उतरवला. मागून पाणी मारायला हवं होतं, पण बादलीनं भागेना, आणि जाळीचे पत्रे इतके नाजूक की फार जोरही चालेना. तेव्हा आक्कानं दवाखान्यातली कान धुवायची पितळी पिचकारी काढली. पिचकारी मी धरली, पास्कलनं रेडिएटर धरला, आणि आक्का डावा हात हलवत सांगत होती, "एकदम जोर नको. आधी भिजू दे, मग तिरका फवारा." जाळीतून पिवळा चोथा निघत राहिला. कुसळं, भुगा, मेलेले किडे, एक अख्खं फुलपाखरू. पास्कल म्हणाला, "डॉक्टरबाय, आतापासून माज्या गिऱ्हाइकांना तुमच्याकडे पाठवतो." आक्का हसली.

नंतर आरसा धरला, तर समोरच्या भिंतीवर बारीक बारीक चौकटींचा उजेड पडला.

रेडिएटर बसवून मोटार पालघरला आणली, पण खिंडीत जाऊन बघायचं राहिलं, कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी लखमा आला. पाड्यावरून मनोरपर्यंत चालत आणि पुढे एका लॉरीतून. "बाय, चैतीला कला लागल्यात."

आक्का मोटारीपाशी गेली, दार उघडलं, उजवा हात चाकावर ठेवला आणि बोटं मिटेनात. ती शेजारच्या सीटवर सरकली. "कुमुद, तू चालव."

मी सपाट रस्त्यावर शिकले होते. त्या दिवशी जाताना खिंड चढले ती तापमानाच्या काट्याकडे न बघता, फक्त आवाज ऐकत. मोटार गेली. पाड्यावर चैती भिंतीला टेकून बसली होती, ओठ चावत. पाणमोट अजून फुटली नव्हती. आक्का म्हणाली, "वेळ आहे. उचला." चैतीला मागे निजवलं, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, पाय लखमाच्या.

परतताना उन्हं डोक्यावर आली होती. चढाच्या मध्यावर इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. वाफ नव्हती. रेडिएटर शांत. मागे चैतीचं कण्हणं एकदम मोठं ऐकू आलं. लखमानं माझ्याकडे पाहिलं. वाक्यं पुरी करणारी माझी बहीण त्या वेळी गप्प बसली, हे मी कधी विसरणार नाही.

बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या पंपाशेजारी धुराचा तापलेला पाइप. पंप इतका गरम की बोट टेकवेना. पास्कलनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. आक्काच्या पेटीतला कापूस काढला, प्यायच्या पाण्यात भिजवला आणि पंपाभोवती गुंडाळला. चुर्र आवाज झाला. दुसरा कापूस नळीवर. मग वाट बघायची. तेवढंच करण्यासारखं होतं. रस्त्याच्या कडेचं गवत वाऱ्यानं वाकत होतं, उठत होतं. लखमाला हॅन्डल दिलं, त्याचा अंगठा मीच बोटांच्या बाजूला ठेवला. पहिल्या फेरीला काही नाही, दुसरीला नाही. तिसरीला एक सिलिंडर पेटला, मग बाकीचे.

चैतीचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केलं. आक्का शेजारी उभी होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आक्काच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पुढे कधी पुरी मिटली नाहीत. मूल बाहेरून फिरवायचं काम तिनं त्यानंतर केलं नाही. तशा बायकांना ती आधीच आपल्या घरी आणून ठेवायची. कधी जेवताना घास डाव्या हातात घेऊन उजव्याकडे बघत बसलेली मी तिला पाहिली आहे. मी जूनमध्ये साताऱ्याला गेले, परीक्षा दिली, पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. ती मोटार काही वर्षांनी मोडीत गेली.

पण त्या सगळ्या दिवसांतली जी दुपार मला पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते ती नंतरची. चैतीचे टाके निघाले होते, तिला पाड्यावर पोचवायचं होतं. निघण्याआधी मी तेल बघत होते. ती मुलीला कडेवर घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"या पेटीत काय हाय? मना दाकव."

मी दाखवलं. चार प्लग, चार तारा. आत चार दट्टे कसे वरखाली होतात ते हाताच्या मुठींनी दाखवलं.

"चारी एकदम का नाय पेटत?"

"पाळीपाळीनं पेटतात. एक, दोन, चार, तीन."

"एक पेटतो तवा बाकीचे तीन काय करतात?"

"एक हवा आणि पेट्रोल ओढून घेतो, एक ते दाबतो, एक धूर बाहेर टाकतो."

तिनं विचार केला. "म्हंजे कोनच बसून नाय."

या वेळी ती पुढे बसली आणि आक्का मागे, मांडीवर मुलीला घेऊन. खिंडीच्या माथ्यावर चैती म्हणाली, "हितं थांबव."

"का गं? दुखतंय?"

"नाय. तवा मी मागं होती, डोले मिटून. आवाज बंद झाला तवा मना वाटला मी पन संपली. मंग परत आवाज आला." ती माझ्याकडे वळली. "बंद नको करू. चालू अस्ताना मना बगायचाय."

मी मोटार कडेला घेतली आणि बॉनेट उचललं. चैती वाकली. पंख्याच्या वाऱ्यानं तिचे केस मागे उडत होते. इंजिन हलत होतं, तारा थरथरत होत्या, पंपावर मी बांधलेल्या कापसाचा एक धागा अजून चिकटलेला होता. तिनं हात पुढे केला, उष्णता लागली तिथे थांबवला, आणि तसाच हवेत धरून ठेवला. खालून गवताची एक गाडी चढत आली, आम्हाला ओलांडून गेली. आक्कानं घड्याळाकडे पाहिलं. मग मुलीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. चैतीचं बघून होईपर्यंत मी इंजिन चालू ठेवलं.